वजनाचं मूल

भावोजी सहसा फोन करत नाहीत. केलाच तर आधी हवापाण्याचं विचारतात, मग घसा खाकरतात, मग मुद्द्यावर येतात. त्या रविवारी त्यांनी हवापाणी गाळलं.

"तुझ्या बहिणीला घरी घेऊन ये. माझं ऐकत नाही ती. तुझं ऐकेल असं नाही, पण तू निदान भांडशील."

ते खरं आहे. मी भांडते. ऑफिसात माझ्या पाठीमागे मला मिरची म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडतं.

"घरी आण म्हणजे? गेलीय कुठे ती?"

"पाळणाघरात. तिथेच असते आता. रात्रीही तिथेच झोपते. झोपते कसली, बसते." मग त्यांचा आवाज उतरला. "परवा तिथेच चक्कर येऊन पडली. ओठ फुटला. डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं, साखर इतकी वाढलीय, असं जागरण आणि उपाशीपण चालू राहिलं तर पुढच्या वेळी उठणार नाही. ही म्हणाली, बरं. आणि दवाखान्यातून थेट परत तिकडे."

"पण कशासाठी?"

"तो तुझा भिंतीवरचा आकडा. तो शून्यावर येत नाही म्हणते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठं काम पोचवायचं होतं, आठवडाभर माझंच जेवणखाण धड झालं नव्हतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, त्यातली गत. पण ताई म्हणजे ताई. आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि ताई जेमतेम कॉलेजात. माझ्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या, माझ्या शाळेतल्या बाईंचे टोमणे तिने ऐकून घेतले, माझी फी भरायला स्वतःचं कॉलेज सोडलं. तिला काही झालं तर मला "गप बस" म्हणणारं जगात कोणी उरणार नव्हतं. लॅपटॉप उचलला आणि गाडी काढली.

आता त्या आकड्याचं सांगते.

पाळणाघर ताईचं, पण त्यातला कंप्युटर माझा. झोपायच्या खोलीत मुलांच्या छोट्या गाद्या आहेत, आणि प्रत्येक गादीखाली वजन मोजणारी पातळ पाटी. मूल गादीवरून उठून रांगायला लागलं की ताईला कळावं, म्हणून. दाराशी भिंतीवर कंप्युटरचा एक पडदा आहे, त्यावर आत किती मुलं आहेत ते दिसतं. मूल आलं की ताई ते नोंदवते, पालक न्यायला आले की सोडते. आत एकही मूल उरलेलं नसेल तेव्हाच दाराचं कुलूप लागतं. एकही शिल्लक असेल तर तुम्ही डोकं आपटा, कुलूप लागत नाही. ही कल्पना ताईचीच. "मूल आत असताना कुलूप लागूच नये, माणूस विसरतो," असं तिने सांगितलं आणि मी तसं करून दिलं. हौसेने दिलं, फुकट दिलं, आणि वर्षभर त्याने कधी कुरकुर केली नाही.

मी पोचले तेव्हा टळटळीत दुपार होती. इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या, बाहेर चपलांचा ठेंगणा कप्पा, तो रिकामा. दार नुसतं लोटलेलं. आत फिनेलचा आणि दुधाच्या पावडरीचा वास. गुडघ्याएवढी बेसिनं, पिशव्या अडकवायच्या खुंट्या, कोपऱ्यात खेळण्यांची बादली, आणि मुलं नसल्यामुळे सगळं उगाच मोठं मोठं वाटत होतं. दाराजवळच्या पडद्यावर लिहिलेलं होतं: आत १.

ताई झोपायच्या खोलीत जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. मी दीड महिना तिला पाहिलं नव्हतं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या इतकी ती सुकली होती. खालचा ओठ सुजलेला.

"ताई, हे काय चाललंय?" मी दारातूनच सुरू केलं. "साठीला आलीस तू. अक्कल कुठे..."

तिने ओठावर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

खिडकीखालच्या गादीवर एक पातळ पांघरूण होतं. नीट पसरलेलं, कडेने दुमडलेलं. त्याखाली काही नव्हतं. पांघरूण सपाट होतं, अगदी इस्त्री केल्यासारखं सपाट. मी ते पाहिलं आणि माझ्या मानेवर काटा आला, आणि काटा आला म्हणून मला आणखी राग आला.

"कोणाचा डोळा लागलाय?"

"ते नाव सांगत नाही," ताई म्हणाली.

मी तिच्याशेजारी बसले. राग गिळला आणि तिला विचारत विचारत सगळं काढून घेतलं. ती ताकास तूर लागू देत नव्हती, पण मी सोडणारी नाही. महिन्याभरापूर्वीच्या एका संध्याकाळी सगळी मुलं गेली, आणि आकडा एकावर थांबला. तिने खोल्या पाहिल्या, कपाटं उघडली, बादलीसुद्धा उपडी केली. कोणी नाही. खिडकीखालच्या गादीवर मात्र वजन दाखवत होतं, साडेदहा किलो. दीड वर्षाच्या मुलाचं असतं तेवढं. कुलूप लागेना. म्हणून ती थांबली.

"आणि मला फोन का नाही केलास?"

"तू म्हणाली असतीस, बिघाड आहे."

"बिघाडच आहे."

"बघ," ताई म्हणाली.

कामाच्या मावशी दुसऱ्या आठवड्यात काम सोडून गेल्या होत्या. त्या म्हणे ताईला एवढंच म्हणाल्या, बाई, मी सगळ्या गाद्या उचलीन, ती एक तेवढी सांगू नका. आणि येणारी मुलं ती जागा सोडून झोपायला लागली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"सुरुवातीला साडेदहा होतं," ताई म्हणाली, "आता अकराच्या पुढे गेलंय. अंगाला लागतंय हळूहळू." हे सांगताना ती थोडी हसली. परक्याच्या मुलाचं कौतुक सांगताना हसते, अगदी तसंच.

"पाटीची स्प्रिंग सैल झाली की वजन चढतं, ताई. माझ्या घरातला काटासुद्धा दरवर्षी मला जाड करतो."

"तुला काटा नाही, बिस्किटं जाड करतात."

हे ऐकून मला जरा धीर आला. टोमणा मारतेय म्हणजे डोकं ठिकाणावर आहे. मी उठले, तरातरा खिडकीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती गादी उचलली. हलकी होती. पांघरूण खाली घसरलं. बोलता बोलता लॅपटॉप मी पाळणाघराच्या कंप्युटरला जोडला होता, त्यावर त्या पाटीचा आकडा शून्य झाला. मी विजयाने ताईकडे वळणार, तेवढ्यात शेजारच्या पाटीवर आकडा चढला. मग पलीकडच्या. मग त्याच्या पलीकडच्या. एकेक गादी करत तो खोलीच्या टोकाशी गेला, ताई बसली होती तिच्या अगदी जवळच्या गादीवर, आणि तिथे थांबला.

"उठवलंस ना," ताई म्हणाली.

मी गादी खाली ठेवली. तारा एकमेकींना चिकटल्या असतील, असं मी मोठ्याने म्हणाले. ओल आली असेल. ताई शेजारच्या गादीवर, हवेत, सावकाश थोपटत होती.

मला भीती वाटली. सरळ सांगते, वाटली. पण माझ्या भीतीचं लगेच कामात रूपांतर होतं, तो माझा स्वभाव आहे. मी भिंतीला पाठ लावून बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि माझा जुना प्रोग्रॅम उघडला. दहा मिनिटांत मला चोर सापडला.

"ताई, इकडे बघ. ही बघ तुझ्या मुलाची आई."

ती जवळ सरकली. मी तिला समजावलं, आणि तुम्हालाही सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. प्रोग्रॅम लिहिताना आपल्याला लागणाऱ्या गोष्टींचे प्रकार आपणच बनवतो. मी इथे 'मूल' नावाचा प्रकार बनवला होता. मूल बनवायला कमीत कमी काय काय लागेल, ते एका छोट्या तुकड्यात लिहायचं असतं. त्या तुकड्याला कन्स्ट्रक्टर म्हणतात. मी लिहिलं होतं, नुसतं वजन दिलं तरी मूल बनेल. नाव, वय, कोण न्यायला येणार, हे नंतर भरता येईल, तोवर कोरं. रडणारं मूल कडेवर घेऊन आई दारात उभी असते, तेव्हा आधी मूल आत घ्यायचं आणि मग बाकीचं विचारायचं, असं ताईचंच म्हणणं होतं.

"मग बरोबर आहे की," ताई म्हणाली.

"बरोबर आहे, पण त्यात एक खोड आहे. समज, प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी मूल मागितलंय, आणि मी घाईत तिथे चुकून नुसतं वजन दिलं. कंप्युटरने खरं तर म्हणायला हवं, बाई, हे वजन आहे, मूल कुठाय? पण तो नाही म्हणत. तो बघतो, वजनापासून मूल बनवायची सोय आहे ना, मग काय. गुपचूप त्या वजनाचं मूल करतो आणि पुढे सरकवतो. मला सांगतही नाही. गादीवर कोणी उशी ठेवली, बादली ठेवली, की झालं. नाव नाही, गाव नाही, आईबाप नाहीत, नुसतं वजन. तुझं हे मूल तसलं आहे."

ताईने पडद्याकडे पाहिलं, मग गादीकडे. "म्हणजे ते नाही?"

"नाही."

"मग मी महिनाभर कोणाजवळ बसले?"

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला तिच्या डोळ्यांत बघवेना. मी म्हटलं, थांब, सिद्ध करून दाखवते.

यावर आमच्या धंद्यात एक जुना उपाय आहे. कन्स्ट्रक्टरच्या आधी एक शब्द लिहायचा, एक्स्प्लिसिट. त्याचा अर्थ, गुपचूप काही करायचं नाही. मूल हवं असेल तर लिहिणाऱ्याने तोंड उघडून 'मूल' म्हटलं पाहिजे, नाहीतर कंप्युटर देणार नाही. तो शब्द घालून प्रोग्रॅम पुन्हा बांधायला लावला की आजवर जिथे जिथे चोरून वजनाची मुलं होत होती, त्या प्रत्येक ओळीवर कंप्युटर बोंब ठोकतो. चोर पकडायला याहून सोपी युक्ती नाही. मी तो शब्द टाइप केला, बटण दाबलं आणि ताईला म्हटलं, आता बघ कशी लाल अक्षरं येतात.

एकही आलं नाही.

प्रोग्रॅम नीट बांधला गेला, खाली हिरवी खूण आली. मला वाटलं, फाइल साठवायची राहिली. साठवली, पुन्हा बांधली. हिरवी खूण. मग मी मुद्दाम एक चुकीची ओळ लिहिली. जिथे मूल हवं तिथे नुसतं वजन दिलं. कंप्युटरने तत्क्षणी लाल अक्षरांत नकार दिला: हे मूल नाही. म्हणजे पहारा जागा होता. मी ती ओळ पुसली. पुन्हा हिरवं.

मी किती वेळ त्या हिरव्या खुणेकडे बघत बसले, माहीत नाही. ताईने विचारलं, "काय म्हणतो?"

काय सांगणार होते मी तिला? कुठेही, एकाही ओळीत, वजनाचं गुपचूप मूल झालेलं नव्हतं. माझी खोड होती, पण ती कोणाला बाधली नव्हती. आकड्यातलं ते एक मूल कोणीतरी ठरवून, मूल म्हणूनच, नोंदवून आत दिलेलं होतं. आणि जे आत दिलं ते कंप्युटरने नीट, नियमाने, सांभाळलं होतं.

"ताई, त्या दिवशी दार कोणी वाजवलं होतं का?"

ती म्हणाली, "वाजलं होतं. मी उघडलं. कोणी नव्हतं गं. पण मला वाटलं, दारात कोणीतरी मूल ठेवून गेलं असावं. का वाटलं ते नाही सांगता येणार. मी सवयीने नोंदीचं बटण दाबलं. आत ये म्हटलं."

"कोणी नसताना?"

"तू नाही का दारात मांजर दिसलं की ये म्हणत. तोंडातून निघून गेलं."

"मांजर दिसतं, ताई."

"हो," ती म्हणाली, "ते खरं."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दुपारचं ऊन खिडकीतून त्या गादीवर पडलं होतं, चादरीवरचा एकेक धागा दिसत होता इतकं लख्ख. लपायला त्या खोलीत जागाच नव्हती. माझ्या लॅपटॉपवर त्या पाटीचा आकडा अगदी थोडा खालीवर होत होता. वर, खाली. वर, खाली. आधी मला तो बिघाड वाटला होता. मग मी माझाच श्वास त्याच्या लयीत चाललाय का ते बघितलं, आणि बघायचं थांबवलं.

"असू दे," मी म्हटलं. "असेल. पण तू इथे बसून काय होणार? तू मेलीस तर त्याला कोण बघेल?"

"मी कुठे हौसेने बसलेय?" पहिल्यांदाच ताईचा आवाज चढला. "सगळ्यांना कोणी ना कोणी न्यायला येतं. कोणाचा आजा येतो, कोणाची आत्या. संध्याकाळ झाली की हे दाराकडच्या गादीवर येऊन बसतं. मी आकडा बघते ना, कळतं मला. एकेक मूल जातं. शेवटी हे आणि मी. त्याला न्यायला कोणी येत नाही. त्याच्या नावापुढे न्यायला येणारं माणूसच नाही. आणि एवढंसं मूल एकटं टाकून मी घरी जाऊन जेवू? मला घास उतरेल?"

"मग तूच सोड की त्याला. तूच ने म्हणावं."

"करून पाहिलं. तुझा कंप्युटर नाही म्हणतो."

नाही म्हणणारच. सांभाळणाऱ्या बाईने मूल घरी न्यायचं नाही, हा नियम सगळीकडे असतो आणि मी तो पक्का बांधला होता. मुलाला न्यायला बाहेरचंच माणूस हवं. मी तिला समजावणं सोडलं, पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं. ते मूल आहे की नाही, याच्याशी मला आता काही घेणंदेणं नव्हतं. मला ती उठून चालत बाहेर यायला हवी होती. तिचा शून्य झाला की ती उठणार होती. मग शून्य करायचा.

एक ओळ पुरे होती. सोडा, आणि पुढे कंसात दोन गोष्टी: कोणतं मूल, कोण नेणार. मूल मी नीट लिहिलं, कारण पहारा आता जागा होता, चालढकल चालली नसती. नेणाऱ्याच्या जागी काय लिहायचं याचा मी फार विचार केला नाही. हाताला आला तो माझा फोन नंबर घातला आणि बटण दाबलं. कंप्युटरने एका शब्दाने विचारलं नाही.

दाराशी पडद्यावर आकडा बदलला. आत ०. कुलुपाचा खटका वाजला आणि दाराला हिरवा दिवा लागला. ताईने मोठा श्वास सोडला. महिनाभर कोंडून ठेवला असावा असा.

"गेलं?" तिने विचारलं.

"गेलं."

"कोणाबरोबर?"

"बिघाड होता ताई, निघाला. चल, ऊठ."

ती उठताना मी तिला धरलं. ती चिमणीएवढी हलकी झाली होती. तिने पांघरुणाची घडी केली, खिडकी लावली, बत्ती बंद केली, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला हे विचित्र वाटायला हवं होतं. मी फक्त सुटले म्हणत होते.

गाडीत बसताना फोन वाजला. पालकांना जातो तोच मेसेज होता, मीच लिहिलेला: आपण आपल्या मुलाला सुखरूप नेलंत, धन्यवाद. त्याखाली फोन नंबर. त्याखाली नातं: आई.

हा शब्द कुठून आला ते मला लगेच कळलं. 'मूल' जसा माझा प्रकार, तसा 'पालक' हाही माझाच. त्याचाही कन्स्ट्रक्टर होता, नुसत्या फोन नंबरावरून पालक बनवणारा, आणि नातं कोणी भरलं नाही तर आपोआप 'आई' घालणारा, कारण बहुतेक आयाच येतात. मुलाच्या दारावर मी पहारा बसवला. पालकाच्या दारावर बसवायचा राहिला. मी नंबर दिला आणि त्याने गुपचूप, मला न विचारता, माझी आई केली.

मला मूल नाही. नको होतं असं नाही. बरीच वर्षं दवाखाने केले, मग मी आणि नवऱ्याने ठरवलं की पुरे, आणि त्यानंतर तो विषय आमच्या घरात कोणी काढलेला नाही. ताईनेसुद्धा नाही, आणि ताई कोणालाच सोडत नाही. मी मेसेज पुसला. किल्ली दोनदा लावावी लागली.

कोपऱ्यावरून वळलो तोच गाडी टिंग टिंग वाजायला लागली. पट्टा लावला नाही की वाजते तशी. मी माझा पाहिला, लावलेला होता. ताईचा पाहिला, तोही. तिची पिशवी तिच्या मांडीवर होती. समोरच्या काचेखाली लाल दिवा लुकलुकत होता, मागच्या सीटचा.

"मागे काही ठेवलंस का?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. तिने मान वळवली नाही. डोळे मिटून ती सीटला टेकली होती आणि तिचा चेहरा इतका शांत होता, इतका मोकळा, की मला एकदम लहानपणीची ताई दिसली. "गाडी बाजूला घे. पट्टा लाव त्याला. आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून सुसाट सोडू नकोस, मला माहितीय तुझं."

मी बाजूला घेतली. उतरले, मागचं दार उघडलं. सीट रिकामी होती. मी भांडायला तोंड उघडलं, पण भांडू कोणाशी? खाली वाकून पट्टा ओढला, कोणाला लागू नये असा सावकाश, आणि अडकवला. आवाज थांबला. रस्त्यावरच्या एका बाईने माझ्याकडे बघून हसून मान हलवली, एक आई दुसरीला हलवते तशी.

मी परत येऊन बसले तेव्हा ताईला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, हलकं घोरणं. भावोजींना फोन करून सांगायला हवं होतं की आणतेय, जेवण वाढून ठेवा. केला नाही. हळू चालवत राहिले, प्रत्येक खड्ड्यापाशी ब्रेक लावत. आरशात बघायची हिंमत होत नव्हती. दुपारी त्या खोलीत मला भीती वाटत होती की तिथे कोणीतरी आहे. आता घर जवळ येत होतं, आणि मला भीती वाटत होती ती वेगळीच. ताईला तिच्या घरी उतरवून मी माझ्या दारात जाईन, मागचं दार उघडीन, पट्टा सोडीन, आणि तिथे कोणीच नसेल.